चौथं नको

आमच्या घरात 'नको' म्हणायला बंदी नव्हती, बंदी होती ती ते ऐकायला. पाहुण्यानं 'नको' म्हणायचंच, नाहीतर तो हावरट ठरायचा. आणि घरच्यांनी ते कानाआड करायचंच, नाहीतर आम्ही चिक्कू ठरायचो. या कामात माझ्या वडिलांचा हात धरणारं मुखेड तालुक्यात कुणी नव्हतं. त्यांना आम्ही अप्पा म्हणायचो. शेती होती, ती ते इमानानं करायचे, पण नाव होतं ते वाढपी म्हणून. गावात लग्न निघालं की भटजीच्या आधी अप्पांना विचारायला यायचे, तुम्ही त्या दिवशी मोकळे आहात ना म्हणून. बुंदीची परात घेऊन अप्पा पंगतीत उतरले की लोक पानावर दोन्ही हात आडवे धरायचे, आणि अप्पा त्या हातांच्या बोटांमधून बुंदी सोडायचे. कुणी पान उचलून पाठीमागे लपवलं तर पाठीमागे जाऊन वाढायचे. एकदा भावकीतले एक गृहस्थ पंगतीतून उठून पळाले. अप्पा जिलबी घेऊन एसटी स्टँडपर्यंत त्यांच्या मागे गेले आणि सुटलेल्या गाडीच्या खिडकीतून त्यांच्या मांडीवर जिलबी टाकून आले. ते गृहस्थ पुढं कंधारला उतरेपर्यंत चिकट हातानं बसून होते, असं ते स्वतःच सगळ्यांना कौतुकानं सांगायचे.

अप्पांचं यामागं शास्त्र होतं. पहिलं नको लाजेचं, दुसरं रीतीचं, तिसरं पोटाचं. पहिल्या दोघांना विचारायचंच नाही आणि तिसऱ्याला एक पळी वाढून मगच पुढं सरकायचं. "आन् चौथं?" मी लहानपणी विचारलं होतं. अप्पा हसले. "चौथ्यापरेंत कोणी टिकलंच न्हाई की आजवर."

माझ्या कॉलेजसाठी नांदेडात दोन खोल्या भाड्यानं घेतल्या होत्या. माय आणि मी तिथं राहायचो, अप्पा गावाकडून येऊन जाऊन. पहाटे गुरुद्वाऱ्याकडून कीर्तन ऐकू यायचं, मग नळाला पाणी आल्याची आरडाओरड, आणि दहाच्या सुमाराला आमच्या भिंतीला लागून असलेली गफारभाईंची मिरची कांडप सुरू व्हायची. ती सुरू झाली की आख्खी गल्ली शिंकायला लागायची. माय भाकरी थापता थापता शिंकायची, पण भाकरी कधी वाकडी झाली नाही. नवा भाडेकरू आला की आठ दिवस डोळे पुसत फिरायचा आणि नवव्या दिवशी आमच्यातला व्हायचा. मी शीतल. नावापुरतीच शीतल, डोकं कायम तापलेल्या तव्यासारखं. आता दिवसभर वर्गात उभं राहून गुडघे कुरकुरतात, चष्मा शोधायला दुसरा चष्मा लागतो, पण तवा अजून गार झालेला नाही, असं माझ्या जुन्या विद्यार्थिनी सांगतात.

तर तेव्हा मी बी.ए.ला होते, इंग्रजी घेऊन. आणि त्याच वेळी, कुणाला सांगून खरं वाटणार नाही, मी चीनमधल्या सहा माणसांना इंग्रजी शिकवत होते. लातूरला माझा मामा एका डाळमिलमध्ये सुपरवायझर होता. त्या मिलनं चीनमधून डाळ निवडायचं मशीन मागवलेलं. तुरीच्या डाळीतला काळा दाणा कॅमेऱ्यानं ओळखायचा आणि हवेच्या फुंकरीनं बाजूला उडवायचा, असं त्याचं काम. मशीन बसवायला आधी एक फिटर आला होता. त्याला इंग्रजी चांगलं येत होतं, पण ते अमेरिकेचं. लातूरकरांचं इंग्रजी त्याला ओ की ठो कळेना. तेव्हा कंपनीनं मिलमालकाला कळवलं, पुढची माणसं पाठवण्याआधी त्यांना तुमच्याकडचं इंग्रजी शिकवायची काही सोय होईल का? मालकानं मामाकडे बघितलं आणि मामानं छाती ठोकली. "मपली भाची नांदेडला इंग्रजीच शिकून राहिली, मालक. तुमी फिकीर करू नका."

रोज संध्याकाळी पाच वाजता, म्हणजे त्यांच्या साडेसातला, मी मोबाइल डाळीच्या डब्याला टेकवून बसायचे. पलीकडे निळ्या गणवेशातली सहा माणसं शाळेतल्यासारखी एका ओळीत. त्यातले सगळ्यात वडीलधारे लिन. पन्नाशीला आलेले, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला, ऐकलेलं सगळं वहीत उतरवून घेणारे. मी दर वाक्याला शिंकायचे, कारण कांडप संध्याकाळपर्यंत चालू. पहिल्याच आठवड्यात माझ्या लक्षात आलं की लिन 'गुड इव्हनिंग टीचर' म्हटल्यावर जरा थांबतात, रुमाल काढतात आणि नम्रपणे शिंकतात. इकडच्या इंग्रजीची ती पद्धतच आहे, असं त्यांनी धरून चाललेलं. मी खुलासा केला नाही. इतक्या मनापासून कुणी शिंकत असेल तर त्याला थांबवणं माझ्या जिवावर आलं.

कंपनीनं क्रियापदांची यादी पाठवली होती, आठवड्याला एक. घट्ट करणे, उचलणे, पुसणे, बंद करणे, सगळी मशीनची. आणि त्यात मध्येच एक, इन्सिस्ट. मला वाटलं, टाइप करणाऱ्याची चूक. मामाला फोन केला तर तो गालातल्या गालात हसायला लागला. आधीच्या फिटरनं परत गेल्यावर अहवाल दिला होता म्हणे, की काम तीन दिवसांचं होतं पण लातूरमध्ये ज्या दारात जावं तिथं चहा पाजतात, नको म्हटलं तर दोन पाजतात, हे लोक इन्सिस्ट करतात. तो शब्द मोठ्या साहेबांनी लाल शाईनं अधोरेखित करून यादीत टाकलेला. चीनमधल्या कुठल्याशा कारखान्यात आमच्या आग्रहाची दखल घेतली गेली होती.

शिकवायला बसले आणि फजिती झाली. डिक्शनरीतला अर्थ मी वाचून दाखवला, की ठामपणे सांगणे, हटून बसणे. सहाच्या सहा माना हलल्या. मग वाक्यं करायला सांगितली. एकजण म्हणाला, मी रोज सकाळी पळायला इन्सिस्ट करतो. दुसरा म्हणाला, माझी बायको दहा वर्षं चहात साखर न घालण्याचं इन्सिस्ट करते. म्हणजे एखादी गोष्ट चिकाटीनं करत राहणं, असं त्यांच्या डोक्यात बसलेलं. त्यांच्या भाषेत दोन्हीला एकच शब्द आहे, हे मला मागाहून कळलं. मी कपाळाला हात लावला. "अहो, ही एकट्यानं करायची गोष्ट नाही! समोर दुसरा माणूस लागतो. तो नाही म्हणत असतो आणि तरी तुम्ही सोडत नाही, तेव्हा ते इन्सिस्ट." लिन यांनी ते लिहून घेतलं. मग पेन तसंच धरून म्हणाले, "टीचर, तो माणूस नाही म्हणतो, तेव्हा त्याच्या मनात नाही असतं की हो असतं?"

मी डिक्शनरी पुन्हा चाळायला लागले. पुस्तकात ते नव्हतंच. तेवढ्यात पडदा सरकवून अप्पा आत आले. गावाकडून आले की ते माझा वर्ग पडद्याआडून ऐकायचे, इंग्रजी कळत नसलं तरी. "काय अडलं?" मी सांगितलं. अप्पांचा चेहरा असा फुलला, की जन्मभर याच प्रश्नाची वाट बघत होते. "हात्तिच्या! पुस्तकात काय बघून राहिली? थांब जरा." ते मागे जाऊन गफारभाईंना हाताला धरून घेऊन आले, मोबाइलपुढं पाटावर बसवलं आणि मायला शिरा करायला लावला. पुढचा अर्धा तास सहा चिनी माणसं श्वास रोखून गफारभाईंना शिरा खाताना बघत होती. "बस करो भाऊ," गफारभाई म्हणाले. "लाजेचं," अप्पांनी एक बोट वर केलं. "अरे नको ना भाऊ." "रीतीचं." दुसरं बोट. "खुदा के वास्ते भाऊ, पेट फट जाएगा!" "हे पोटाचं," अप्पा म्हणाले, आणि तरीही एक पळी वाढली. मी सगळं भाषांतर करून सांगत होते. पलीकडे सहा वह्यांत पहिलं, दुसरं, तिसरं असे आकडे पडले. लिन तर भारावून गेले. म्हणाले, आमच्याकडेही आई अशीच वाढते, आम्हीही आधी नाही म्हणतो. फक्त आमच्याकडे ताट पुसून रिकामं केलं तर यजमानाला वाटतं पाहुणा उपाशी राहिला, म्हणून पोट भरलं की चांगला पाहुणा थोडं ताटात ठेवतो. मी 'ओके, ओके' म्हटलं आणि विसरून गेले. ते अप्पांना सांगायला पाहिजे होतं. पुढच्या रामायणात माझा वाटा एवढाच. नाही, अजून एक. जाता जाता मी गृहपाठ दिला, की प्रत्येकानं एकदा तरी खऱ्या माणसाला इन्सिस्ट करायचं आणि काय झालं ते येऊन सांगायचं.

आता मुख्य गोष्टीकडे येते, कारण हसण्यावारी नेण्यासारखं माझं तेव्हा काहीच चाललं नव्हतं. घरात माझ्या लग्नाचं घाटत होतं. स्थळ निलंग्याचं, मुलाचं बी-बियाण्याचं दुकान, नाव प्रदीप, शेती बागायती, माणसं चांगली. खोड काढायला जागाच नव्हती, हेच वाईट होतं. मला बी.ए. पुरं करायचं होतं, मग बी.एड. करून शिकवायचं होतं. वर्ग घ्यायला लागल्यापासून मला पहिल्यांदा कळलं होतं की मी या एका कामासाठी जन्माला आले आहे, मग विद्यार्थी चीनचे असोत नाहीतर मुखेडचे. लग्न ठरलं असतं तर उन्हाळ्यात अक्षता पडल्या असत्या आणि माझं शेवटचं वर्ष तिथंच राहिलं असतं. दिवाळीत माय म्हणाली तेव्हा मी स्वच्छ सांगितलं, नको. माय शेजारणीला सांगत होती, "लाजून राहिली पोरगी." मग मामानं फोनवर विचारलं, त्यालाही म्हटलं, मामा, मला नको. मामा म्हणाला, "आता काय हाव म्हणशील का तू? रीतच हाय ती." माझा तवा तापला. मी फोन आपटला, आणि तेही लक्षण चांगलंच मानलं गेलं.

मार्गशीर्षातली अवस आली. आमच्या भागात तिला येळवस म्हणतात. त्या दिवशी लातूरचा बाजार बंद, मिली बंद, रस्त्यावर चिटपाखरू नसतं, कारण सगळं गाव शेतात. कडब्याची कोप उभारायची, आत पाच दगडांचे पांडव मांडून पुजायचे, आणि मग जो दिसेल त्याला जेवू घालायचं. ओळखीचा असो नसो, रस्त्यानं जाणारा असो, त्याला बांधावरून हाका मारून आणायचं. सगळ्या भाज्या-शेंगा एकत्र शिजवलेली भज्जी, ताकातली आंबील, बाजरीचे वाफवलेले उंडे, गव्हाची खीर. एका शेतातून सुटला की शेजारचा धरतो. अप्पांसाठी हा वर्षातला सगळ्यात मोठा दिवस. मामाचं शेत लातूरहून निलंग्याला जाणाऱ्या रस्त्याला लागून, म्हणून येळवस आम्ही तिथं करायचो, आणि त्या वर्षी निलंग्याच्या पाहुण्यांनाही तिथंच बोलावलं होतं. मला ते आदल्या दिवशी, नांदेडहून निघालेल्या बसमध्ये सांगितलं. "अप्पा, मला नको आहे हे," मी म्हटलं. अप्पा खिडकीतून बाहेरची तूर बघत म्हणाले, "बरं बरं. असंच म्हणत असतात." "कुणी माझं ऐकून का घेत नाही?" मी इतक्या जोरात ओरडले की कंडक्टरनं बेल मारून गाडी थांबवली. कुणी उतरलं नाही, तेव्हा गाडी पुढं निघाली. ते माझं तिसरं.

येळवशीला सकाळी शेतात पोचलो तर बांधावरून मामा येत होता आणि त्याच्या मागून, गळ्यात चष्मा अडकवलेले, लिन. मिलचं दुसरं मशीन बसवायला ते बाकीच्यांच्या आधी, आदल्याच दिवशी लातूरला उतरले होते आणि आज मिलला कुलूप. "एकटंच लॉजवर बसलं व्हतं बिचारं. घेऊन आलो," मामा म्हणाला. लिन मला बघून वाकले, 'गुड मॉर्निंग टीचर' म्हणाले, थांबले, आणि शिंकले. तिथं मिरचीचं नावही नव्हतं. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं, हसण्याचं की कशाचं ते सांगता येत नाही.

मी त्या दिवशी अन्न सोडलं होतं. निलंग्याची माणसं जाईपर्यंत घास तोंडात घालायचा नाही, असं रागानं ठरवलं होतं. पण माझ्या उपोषणाकडे बघायला कुणाला वेळच नव्हता, कारण सगळं शेत लिन यांच्याभोवती गोळा झालेलं. अप्पांनी त्यांना कोपीपुढं बसवून वाढलं. लिन यांनी शिकवल्याप्रमाणं तीनदा नको म्हटलं, शिकल्याप्रमाणं तिन्हीदा वाढून घेतलं, आणि पोट भरल्यावर आपल्या रीतीनं अर्धा उंडा ताटात ठेवला. अप्पा खाली वाकून हळूच म्हणाले, "अन्न टाकू न्हाई, पाव्हणे." मी भाषांतर केलं. लिन यांना वाटलं काहीतरी चुकलं, त्यांनी घाईनं ताट साफ केलं. ताट रिकामं दिसलं की अप्पांचा हात थांबतच नाही. त्यांनी ते भरलं. लिन यांनी पुन्हा थोडं ठेवलं, अप्पांनी पुन्हा संपवायला लावलं. दोघंही आपापल्या परीनं अतिशय सभ्यपणे वागत होते आणि एक माणूस डोळ्यांदेखत फुगत चालला होता. चौथ्या फेरीला मला ते ताटात ठेवण्याचं आठवलं, मी धावत सांगायला गेले, तोवर शेजारच्या शेतातल्या म्हाताऱ्या आजी येऊन लिन यांना दंडाला धरून घेऊन गेल्या. त्या सीमेकडच्या, निम्मं कानडी बोलायच्या. 'ऊट माडी, ऊट माडी', म्हणजे जेवा, जेवा, म्हणत त्यांनी दुसरं ताट भरलं. लिन यांनी तेही इंग्रजी समजून वहीत लिहून घेतलं. तिथून तिसरं शेत, तिथून चौथं. दुपारी ते परतले तेव्हा चालणं असं की पायाखालची ढेकळं काचेची आहेत. खाली बसवेना म्हणून बाभळीला टेकून उभे राहिले.

एवढ्यात निलंग्याचे पाहुणे आले. मुलाचे काका, काकू आणि प्रदीप. प्रदीप मान खाली घालून आला आणि मान खाली घालूनच जेवला. बोलायला काका होते, दोघांचं एकटेच बोलायचे. सगळ्यांची जेवणं झाली तेव्हा राहिले फक्त अप्पा. वाढपी शेवटी जेवतो. ते ताट घेऊन बसले, माय वाढायला येणार तोच लिन पुढं झाले. त्यांनी मायच्या हातातली पळी घेतली. "टीचर," ते गंभीरपणे म्हणाले, "होमवर्क."

सुरुवातीला अप्पा खूश झाले. परदेशी माणूस आपल्याला वाढतोय म्हणून चारी बाजूंना बघून घेतलं. पण एक गोष्ट फक्त मायला आणि मला माहीत होती. जगाला पोट फुटेस्तोवर खाऊ घालणारे अप्पा स्वतः चिमणीएवढं खायचे, अर्ध्या भाकरीचे धनी. त्यांना आयुष्यात कुणी आग्रह केलाच नव्हता, कारण आग्रह करायला तेच असायचे. दोन उंडे आणि भज्जी झाल्यावर त्यांनी हात आडवा धरला. "बास, नको." लिन यांनी खिशातून वही काढली, बोट ठेवून वाचलं, आणि पळीभर वाढलं. "अवो नको पाव्हणे!" लिन यांनी वहीचं पान बघितलं आणि वाढलं. मग शेताशेतातून माणसं जमायला लागली. अप्पांनी ज्यांच्या बोटांतून बुंदी सोडली होती, ज्यांच्या पाठीमागं जाऊन वाढलं होतं, ते मामाच्या गावचे सगळे सोयरे बांधावर ओळीनं उभे. "वाढा वाढा! लाजून राहिले ते!" कुणी आंबिलीचा तांब्या पुढं केला, कुणी खीर आणली. लिन आडव्या हाताच्या बोटांमधून खीर सोडायला लागले. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं, ते जातिवंत वाढपीच होते. अप्पांच्या कपाळावर घाम. "नको रे बाबा, आता खरंच नको!" हे तिसरं. लिन यांनी तिसऱ्याला नियमाप्रमाणं एक पळी वाढली. सगळं शेत हसत होतं, मामा तर ढेकळांत लोळत होता, आणि अप्पा रडवेल्या आवाजात ओरडले, "आरं, कोणी मपलं ऐकून कामून घेईना?"

मी हसता हसता थांबले. बसमधलं माझंच वाक्य होतं ते. अप्पांच्याही ते ध्यानात आलं असावं, कारण ओठाला खीर लागलेली तशीच, त्यांनी एवढ्या गर्दीतून नेमकं माझ्याकडे बघितलं. तशा केविलवाण्या डोळ्यांनी त्यांनी मला कधी बघितलं नव्हतं. मला राग यायला पाहिजे होता, पण गलबलून आलं. "नको गं बाई," ते मलाच म्हणाले, अगदी हळू.

लिन यांची पळी हवेत थांबली. त्यांनी वही उलटीसुलटी केली. "टीचर, हे चौथं. चौथ्याला काय करायचं? तुम्ही शिकवलं नाही."

"थांबायचं," मी म्हटलं. इंग्रजीत म्हटलं आणि मग सगळ्यांना कळावं म्हणून मराठीत म्हटलं, मोठ्यानं. "चौथ्याला थांबायचं असतं."

लिन यांनी पळी खाली ठेवली आणि ते वहीत लिहून घेतलं. हसणं विरलं. काकांना वाटलं, पाहुणचार संपला, आता मुद्द्याचं बोलावं. त्यांनी सदऱ्याच्या खिशातून सुपारी काढली. ती चारचौघांत फोडली की लग्न पक्कं, मग मागे फिरणं नाही. "मग अप्पासाहेब, घेऊ ना फोडून? दिवस चांगला हाय." मामानं अडकित्ता पुढं केला. अप्पा मायच्या खांद्याचा आधार घेऊन कसेबसे उठले. "थांबा. सगळ्यांपुढं एकदा इचारतो. शीतल, काय म्हणती?"

"नको, अप्पा."

"कितवं हाय?"

"चौथं."

अप्पांनी बोटांवर मोजलं. दिवाळीचं, फोनवरचं, बसमधलं, हे. आकडा बरोबर येत होता. मग ते काकांकडे वळले. "पाव्हणे, सुपारी ठिवा खिशात. राग धरू नका. पोरगी शिकायचं म्हणून राहिली."

"अवो, पोरी नको म्हणतच असतात! आपण मोठ्यांनी मनावर घ्यायचं असतंय व्हय?" काका हसले आणि अडकित्त्याकडे हात केला. अप्पांनी तो हात धरून आपल्या पोटावर ठेवला. "हितं हात लावून बघा, आंबील कुठवर आली ती. मग बोला." काकांनी हात मागं घेतला. आणि तेवढ्यात, सकाळपासून ज्याचा आवाज कुणी ऐकला नव्हता, तो प्रदीप ताटाकडे बघत म्हणाला, "काका, मी तर सातदा म्हणलं व्हतं. कोणी मोजलंच न्हाई." काकूंच्या हातातला तांब्या खाली पडला. पुढं दोन वर्षांनी त्यानं आपल्या पसंतीनं लग्न केलं आणि आम्हाला पत्रिका पाठवली. अप्पा वाढायला गेले होते.

माय माहेरी राहिली. माझं कॉलेज होतं म्हणून अप्पांनी आणि मी दिवस मावळायच्या सुमाराला लातूरहून नांदेडची बस धरली. मागं शेतांमध्ये येळवशीच्या रिवाजाप्रमाणं पेटते पेंढे घेऊन पोरं पळत होती. अप्पा बोलण्याच्या अवस्थेत नव्हते, दर खड्ड्याला 'अगं आई गं' म्हणायचे. मायनं बांधून दिलेला डबा त्यांच्या मांडीवर होता. मी सकाळपासून पाण्यावर होते आणि आता राग गेल्यावर पोटात कावळे ओरडायला लागले होते. चाकूर सुटल्यावर अप्पांनी डबा उघडला. भज्जीचा वास आख्ख्या गाडीत सुटला. त्यांनी डबा माझ्यापुढं धरला. "खा. काही खाल्लं न्हाई तू, बघितलं मी."

"नको," मी म्हटलं. सवयीनं तोंडातून गेलं.

"बरं," अप्पा म्हणाले आणि झाकण लावलं.

मी वाट बघितली. अहमदपूर आलं, गेलं. माणसं चढली, उतरली. ज्या माणसानं चालत्या गाडीच्या खिडकीतून जिलबी टाकली होती, तो माणूस माझ्या शेजारी डब्यावर दोन्ही हात ठेवून गप्प बसला होता. माळाकोळीच्या पुढं मला राहवेना. "अप्पा, अजून एकदा विचारा की."

"कामून? नको म्हणली ना."

"ते पहिलं होतं. लाजेचं."

अप्पांनी डब्यावरचे हात काढले. "तुपलं पहिलंच ऐकायचं ठरवलं मी आता," ते म्हणाले. "चौथ्यापरेंत लई उशीर होतोय, बाई." आणि त्यांनी डबा माझ्या मांडीवर सरकवला, नुसता सरकवला. झाकण उघडलं नाही. ते मी उघडलं, आणि लोहा येईपर्यंत एकही उंडा शिल्लक ठेवला नाही.